पिस्तुलासाठी गोळ्या आणि पेलेट्स यांची चाचणी : नेमके काय मोजावे?

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

पिस्तूल नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांकडून आणि नव्याने रेंजवर येऊ लागलेल्या प्रौढांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो : गोळ्या स्वतः ओतून, काडतुसे स्वतः भरून तपासता येतील का? तो आपल्या कोल्हापूर शहराच्या स्वभावाला धरूनच आहे. शिवाजी उद्यमनगरपासून शिरोली आणि गोकुळ शिरगावपर्यंत ज्या शहरात ओतकामाच्या भट्ट्या चालतात आणि इंजिनाचे अवघड भाग साच्यातून निघतात, तेथे शिशाची एवढीशी गोळी स्वतः ओतावी, काडतूस भरावे आणि आपल्याच पिस्तुलात ते तपासून पाहावे, असे लोकांना वाटणे साहजिक आहे. अमेरिकेत आणि युरोपातील काही देशांत हौशी नेमबाज हे करतात आणि त्याविषयी पुष्कळ लिहितात. त्यांच्या लेखनातील चाचणीची पद्धत आपल्याला उपयोगी आहे. त्यांचा ओतकामाचा भाग मात्र आपल्यासाठी नाही.

कायद्याचा मुद्दा आधीच स्पष्ट करतो, म्हणजे चर्चा पुन्हा तेथे अडकणार नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ ने शस्त्रे व दारूगोळ्याचे उत्पादन, विक्री, हस्तांतर आणि दुरुस्ती यांच्या जोडीने ‘चाचणी’सुद्धा परवान्याच्या कक्षेत आणली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनासाठी किमान ७ वर्षांच्या कारावासाची तरतूद झाली आहे. खेळाडूच्या नावावर पिस्तुलाचा परवाना असला तरी त्यामुळे त्याला घरी काडतुसे भरण्याचा अधिकार मिळत नाही. तेव्हा आपल्याकडे चाचणी घ्यायची ती कारखान्यात तयार झालेल्या मालाची आणि रेंजवरच.

मग निवडीला वाव कोठे उरतो? तो लॉटमध्ये, म्हणजे कारखान्यात एका वेळी तयार झालेल्या मालाच्या खेपेत, उरतो. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमधील पेलेट्स (हवेच्या दाबावर चालणाऱ्या शस्त्राच्या शिशाच्या छोट्या गोळ्या) एकाच नळीतून वेगवेगळ्या पसरतात, कारण डोक्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने बदलतो आणि प्रत्येक नळीचे स्वतःचे मोजमाप असते. म्हणूनच ४.५ मिलिमीटरच्या पेलेट्सचे डबे ४.४८, ४.४९ आणि ४.५० अशा मापांत मिळतात. पॉइंट २२ च्या (०.२२ इंच व्यासाच्या) काडतुसांबाबतही हेच घडते. बर्मिंगहॅमला ईली आणि जर्मनीतील शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत उच्च पातळीवरचे खेळाडू स्वतःचे शस्त्र घेऊन जातात, अनेक लॉट झाडून पाहतात आणि जो जुळेल त्याच लॉटचा साठा घेतात.

तरीही चाचणी सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला विचारावे की आपल्या लक्ष्याची गरज किती आहे. आपल्या जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात दहाचे (दहा गुणांचे) वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्याच्या अचूकतेच्या टप्प्यात दहाचे वर्तुळ ५० मिलिमीटरचे असते आणि जलद टप्प्यात १०० मिलिमीटरचे. १० मीटर एअर पिस्तुलात ते ११.५ मिलिमीटर असते, तर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा. रायफलवाल्यांचे चाचणीचे वेड पिस्तूलवाल्यांनी जसेच्या तसे उचलू नये, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

एअर पिस्तुलाचा हिशेब पाहू. पेलेट साधारण १५० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटते. १० मीटर जाण्यास तिला ०.०६७ सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात ती सुमारे २२ मिलिमीटर खाली येते. वेग ३ मीटर प्रति सेकंदाने घटला, तर ही घसरण जेमतेम १ मिलिमीटरने वाढते. म्हणजे वेगमापकावर आकडे थोडे हलताना दिसले म्हणून लगेच डबा बदलण्याचे कारण नाही. व्यासातला फरक मात्र पाहण्यासारखा असतो, कारण तो पसरटपणा सर्व दिशांनी वाढवतो.

माझे मत असे की पिस्तूलधारकाने चाचणीतून दोनच प्रश्नांची उत्तरे मागावीत. हा माल माझ्या नळीतून दहाच्या वर्तुळाच्या आत आरामात बसतो का, आणि तो प्रत्येक वेळी बिनचूक चालतो का? ही दोन उत्तरे मिळाली की चाचणी संपवावी आणि उरलेले पेलेट्स सरावासाठी वापरावेत. इतरांचे अनुभव आणि हरकती वाचायला आवडतील.

उद्यमनगर

धागा अत्यंत आवश्यक होता. मी फाउंड्रीत काम करतो, त्यामुळे ओतीव गोळीविषयी मला पहिल्यापासून कुतूहल आहे. आमच्याकडे प्रत्येक कास्टिंगवर हीट नंबर (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) असतो. ग्राहकाची तक्रार आली की आधी हीट नंबर पाहिला जातो, कारण एका हीटमधले दोष सहसा त्या हीटमधल्या सगळ्या नगांत सापडतात. पेलेटच्या डब्यावरचा लॉट क्रमांक हा मला त्याच जातीचा वाटतो, आणि नेमबाज तो नोंदवून ठेवत नाहीत याचे नवल वाटते.

परदेशी लोक ओतीव गोळीबद्दल जे लिहितात, ते वाचून काही गोष्टी माझ्या धंद्याच्या दृष्टीने लगेच पटल्या. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, पण शुद्ध शिसे साचा नीट भरत नाही. कथील घातल्याने धातू कोपऱ्यांत चांगला वाहतो आणि अँटिमनीमुळे कडकपणा येतो. गोळीच्या बुडाची कडा पूर्ण भरलेली नसली तर ती नळीबाहेर पडताना वायूचा झोत एका बाजूने अधिक सुटतो आणि गोळी कलते. कमी दाबाच्या काडतुसात फार कडक धातू वापरला तर गोळी नळीला घट्ट बसत नाही, वायू कडेने निसटतो आणि नळीत शिशाचे थर चढतात. म्हणजे जो कडकपणा आम्ही गुण समजतो, तो येथे दोष ठरू शकतो.

माझे दोन प्रश्न आहेत. पेलेट्स तराजूवर तोलून निवडण्याला अर्थ आहे का? आणि पिस्तूल पकडण्यासाठी लोखंडी फिक्स्चर बनवून दिले, तर ते कसे असावे?

रंकाळाकाठ

आपण फाउंड्रीच्या बाजूने मांडणी केल्यामुळे विषय उजळला. बुडाच्या कडेचा मुद्दा पेलेटलाही लागू आहे. डब्यात दबून वाकलेला घेर डोळ्यांना दिसतो, आणि अशी पेलेट बाजूला काढली तर निवडीचे बरेचसे काम तेथेच होते.

तोलण्याबाबत सांगायचे, तर सामन्याच्या दर्जाच्या पेलेट्स एका डब्यात वजनाने फारशा हलत नाहीत. पिस्तुलासाठी साधारण ०.४५ ते ०.५३ ग्रॅम वजनाच्या पेलेट्स मिळतात. वजनात १ टक्का फरक पडला तर वेगात त्याहूनही कमी फरक पडतो, आणि वेगाचा परिणाम किती अल्प आहे हे वर आलेच आहे. तोलण्यात जाणारी संध्याकाळ मुलाने भिंतीसमोर उभे राहून पिस्तूल स्थिर धरण्याच्या सरावाला द्यावी, असे मी निःसंकोच सांगेन.

फिक्स्चरविषयी एकच आग्रह धरतो. त्याने नळीला किंवा हवेच्या सिलिंडरला आवळू नये. २०० बार दाबाच्या सिलिंडरवर पकडीचे दात बसणे धोक्याचे आहे, आणि नळी आवळली तर आपण पेलेटची नव्हे, पकडीची चाचणी घेतो. पकड मधल्या चौकटीवर असावी, मध्ये चामडे किंवा नायलॉनचा थर असावा आणि फिक्स्चर ज्या टेबलावर बसवायचे ते जमिनीत घट्ट असावे. रेंजवर ते लावण्यापूर्वी तेथील प्रशिक्षकांची परवानगी घ्यावी. एअर पिस्तुलाची ऊर्जा ६ ज्यूलच्या आसपास असते, त्यामुळे ४.५ मिलिमीटर आणि २० ज्यूलच्या मर्यादेत बसणारे हे शस्त्र परवान्यातून मुक्त आहे. तरी म्हणून ते घराच्या गच्चीवर तपासावे असे नाही.

कळंबा

माझी मुलगी एअर पिस्तूल करते. आम्ही तीन मापांचे डबे आणून, वाळूच्या पिशवीवर पिस्तूल टेकवून पाच-पाच पेलेट्स झाडल्या. ४.४९ चा ग्रुप (कागदावरील छिद्रांचा पुंजका) ४.५० पेक्षा स्पष्टपणे लहान आला, म्हणून आम्ही तेच माप घ्यायचे ठरवत होतो. पण नंतर पुन्हा तपासले तेव्हा निकाल उलटा आला. पिस्तूल बिघडले असेल, की टेकू हलला असेल, की पेलेट्समध्येच काही आहे, हे कोणी सांगू शकेल का? महागड्या डब्यांचा साठा करण्यापूर्वी नक्की कळायला हवे.

सागरमाळ

ताई, मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो. आपल्या पिस्तुलात बिघाड असण्याची गरजच नाही. पाच पेलेट्सच्या ग्रुपमध्ये सर्वांत दूरच्या दोन छिद्रांतील अंतर मोजले जाते, म्हणजे पाचांपैकी तीन पेलेट्सची माहिती आपण टाकून देतो. एकाच डब्यातील पेलेट्सचे पुष्कळ ग्रुप घेतले आणि त्यांची सरासरी १० मिलिमीटर आली, तर त्यातला एखादा ग्रुप ७ आणि एखादा १३ मिलिमीटरचा येणे अगदी सामान्य आहे. पाचांच्या ग्रुपमधील ही चढउतार सरासरीच्या पाव भागाहून थोडी अधिक असते. म्हणून दोन डब्यांतील एक-दोन मिलिमीटरचा फरक एका ग्रुपवरून ठरवता येत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. ग्रुपमधील पेलेट्सची संख्या वाढली की ग्रुपचा आकार आपोआप वाढतो. तोच माल, तीच नळी असतानाही दहांचा ग्रुप पाचांच्या ग्रुपच्या सरासरी १.२४ पट येतो. त्यामुळे एकाने पाचांचा आणि दुसऱ्याने दहांचा ग्रुप मोजून तुलना केली, तर ती निरर्थक ठरते.

उपाय सोपा आहे. रेंजवर इलेक्ट्रॉनिक लक्ष्य असेल तर प्रत्येक पेलेटचे आडवे आणि उभे स्थान मिळते. सर्व छिद्रांचा मध्य काढावा आणि प्रत्येक छिद्र त्या मध्यापासून किती दूर आहे याची सरासरी घ्यावी. यात एकही पेलेट वाया जात नाही. कागदावर काम करायचे असेल तर दहांचे ग्रुप घ्यावेत, टोकाच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजावे आणि त्यातून ४.५ मिलिमीटर वजा करावेत. डब्यांचा क्रम मात्र बदलत ठेवावा. आधी एका मापाचे सगळे आणि नंतर दुसऱ्याचे सगळे, असे झाडले तर सिलिंडरचा उतरता दाब, थकलेले हात आणि बदललेला उजेड हे सगळे दुसऱ्या डब्याच्या माथी येते. अ, ब, ब, अ असा क्रम ठेवावा. शक्य असल्यास पेलेट्स दुसऱ्या कोणी हाती द्याव्यात आणि कोणत्या मापाच्या आहेत ते झाडणाऱ्याला सांगू नये. मुलांच्या मनात एखादा डबा चांगला आहे असे एकदा बसले की हात त्यानुसार वागू लागतो.

कळंबा

मनापासून आभार. अ, ब, ब, अ हा क्रम आम्हाला सुचलाच नसता. पण यातून एक शंका निर्माण होते. फरक शोधण्यासाठीच इतक्या पेलेट्स लागत असतील, तर तो फरक मुलीच्या गुणांत दिसेल का?

सागरमाळ

हा प्रश्न या धाग्याच्या मुळाशी आहे. पसरटपणा साध्या बेरजेने वाढत नाही; वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते. समजा, खेळाडूच्या हाताचा पसरटपणा ३० मिलिमीटर आहे आणि पिस्तूल व पेलेट यांचा मिळून ५ मिलिमीटर. एकूण ३०.४ होतो. पेलेट वाईट निघाली आणि तिचा पसरटपणा ८ झाला, तर एकूण ३१.०५ होतो. पेलेट दीडपटीहून अधिक बिघडली तरी कार्डावर फरक पडला तो साडेसहा दशांश मिलिमीटरचा. हाताचा पसरटपणा १० मिलिमीटरवर आलेल्या खेळाडूला मात्र तोच बदल ११.२ वरून १२.८ वर नेतो, आणि त्याचे दहा सुटू लागतात. चाचणीची किंमत खेळाडूच्या पातळीबरोबर वाढते, असे गणित सांगते.

पंचगंगा

गणित मान्य करूनही मला एका गोष्टीवर असहमती नोंदवायची आहे. मी अनेक वर्षे मुलांना शिकवतो आहे. ज्या मुलाला आपल्या पेलेटवर विश्वास नाही, तो आठ लागल्यावर स्वतःचा ट्रिगर तपासत नाही; तो डब्याकडे पाहतो. फिक्स्चरवर एकदा नीट चाचणी घेऊन ‘तुझे पिस्तूल आणि ही पेलेट दहाच्या आतच जातात’ हे कार्ड त्याच्या हाती दिले, की ही पळवाट बंद होते. कारखान्यातून पिस्तुलाबरोबर येणारे चाचणीचे कार्ड, ज्यावर पाच पेलेट्सचे मिळून जवळजवळ एकच छिद्र दिसते, मी मुलांना त्यासाठीच दाखवतो. म्हणून नवशिक्यालाही चाचणीचा उपयोग आहे, फक्त तो वेगळ्या कारणाने आहे, आणि ती वारंवार करण्याची गरज नाही.

२५ मीटरबद्दल लिहितो, कारण वर त्याचा उल्लेख ओझरता झाला. पॉइंट २२ पिस्तुलात गोळी साधारण २८० मीटर प्रति सेकंद वेगाने जाते असे धरले, तर २५ मीटरवर तिची घसरण सुमारे ३९ मिलिमीटर असते आणि वेगातील १० मीटरच्या फरकाने ती ३ मिलिमीटरच्या आत बदलते. ५० मिलिमीटरच्या दहाला त्याचे काहीच वाटत नाही. येथे खरा प्रश्न काडतूस चालण्याचा आहे. जलद टप्प्यात ३ सेकंदांसाठी लक्ष्य समोर येते आणि त्यात एकच गोळी झाडायची असते. अशा वेळी काडतूस अडकले किंवा फुटलेच नाही, तर लय मोडते ती पुढच्या गोळ्यांपर्यंत. त्यामुळे नवा लॉट आला की मी ग्रुप मोजण्याआधी मॅगझिन भरून, सामन्याच्या वेगाने, सलग झाडून पाहतो. कोणते काडतूस अडकले, रिकामे कवच बाहेर फेकले गेले का, घोड्याचा ठसा कडेवर नीट उमटला का, हे नोंदवतो.

पॉइंट २२ मध्ये स्फोटक मिश्रण काडतुसाच्या कडेच्या आत फिरवलेले असते. ते एखाद्या ठिकाणी विरळ असले तर घोडा नेमका तेथे पडून काडतूस मुके राहू शकते. याच रचनेमुळे हे काडतूस पुन्हा भरण्याजोगे नसते, त्यामुळे परदेशातही स्वतः भरणारे लोक पॉइंट ३२ सारख्या मध्यभागी स्फोटक टोपी असलेल्या काडतुसांकडे वळतात. काडतूस फुटले नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबावे, मोकळा हात वर करावा आणि रेंज अधिकाऱ्याच्या सूचनेशिवाय पिस्तूल उघडू नये. उशिरा फुटणारे काडतूस क्वचित मिळते, परंतु त्या क्वचितसाठीच अर्धा मिनिट थांबण्याचा नियम आहे.

उद्यमनगर

पंचगंगा सर, पॉइंट २२ ची गोळी बाहेरून मेणासारख्या वंगणाने माखलेली असते. एका कंपनीचे वंगण नळीत असताना दुसऱ्या कंपनीची काडतुसे तपासली तर पहिल्या काही गोळ्या भरकटतात का? आमच्याकडे साच्याचा कोट बदलला की सुरुवातीचे नग आम्ही हिशेबात धरत नाही.

पंचगंगा

होय, भरकटतात, आणि ते हिशेबात न धरणेच योग्य. लॉट बदलताना नळी साधी पुसून घ्यावी आणि दहा ते वीस गोळ्या नोंद न करता झाडाव्यात, म्हणजे नव्या वंगणाचा थर बसतो. त्यानंतरचे ग्रुप मोजावेत. ज्या दिवशी वारा आहे त्या दिवशी उघड्या रेंजवर दोन लॉटची तुलना करू नये. तसेच एप्रिल-मे महिन्यांत काडतुसांचा डबा गाडीत ठेवून दुपारी रेंजवर आणला, तर वंगण मऊ होऊन त्याला धूळ चिकटते आणि मॅगझिनमध्ये घाण जमते. असा डबा चाचणीस वापरून लॉटला दोष देणे अन्यायाचे आहे.

राजारामपुरी

धागा वाचून नोंदवही सुरू केली आहे. लॉट क्रमांक, माप, तारीख, ग्रुप आणि अडकलेली काडतुसे असे रकाने केले आहेत. आपल्या पावसाळ्यात पेलेट्सवर पांढरट थर चढतो, त्याचे काय करावे? मी त्या डिटर्जंटने धुऊन वाळवण्याचा विचार करत होतो.

रंकाळाकाठ

रकान्यांत सिलिंडरचा दाब आणि त्यावर छापलेली मुदतही लिहावी, कारण सिलिंडर जास्तीत जास्त १० वर्षे वापरता येतो आणि स्पर्धेत ती तपासली जाते.

पेलेट्स धुऊ नयेत. पांढरा थर म्हणजे शिशाचा दमट हवेशी झालेला संयोग असतो. तो धुताना हाताला आणि भांड्याला लागतो, वाळवताना त्याची पूड उडते, आणि वंगणाचा जो पातळ थर कारखान्यातून आलेला असतो तोही जातो. थर चढलेल्या पेलेट्स चाचणीतून आणि सामन्यातून बाजूला ठेवाव्यात. नवा डबा उघडला की झाकण चिकटपट्टीने बंद करून घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. जून ते सप्टेंबर पुडी मधूनमधून बदलावी. ज्या डब्याची चाचणी उत्तम आली तो स्पर्धेसाठी वेगळा ठेवून रोजच्या सरावाला दुसरा वापरावा.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांनी कटाक्षाने पाळावी. पेलेट्स ओठांत धरून ठेवण्याची सवय काही मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडावी. रेंजवरून निघताना साबणाने हात धुतल्याशिवाय खाऊच्या डब्याला हात लावू देऊ नये आणि चाचणीच्या टेबलावर तो उघडू देऊ नये.